शाळाबंदीचा काळ, घर आणि शिक्षक

(बीड जिल्ह्यातील एका तालुक्यात शिक्षक, शाळा व्यवस्थापन समित्यांचे सदस्य आणि ग्रामपंचायत सदस्य यांच्या एकत्रित मेळाव्यात एका निवृत्त केंद्रप्रमुखांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



या मेळाव्यात कोणत्या विषयावर बोलणार, असे मला विचारण्यात आले तेव्हा मी शाळाबंदीचा विषय सांगितला. त्यावर संयोजकांपैकी एकजण सौजन्याने म्हणाले, "गुरुजी, तो काळ तर केव्हाच मागे पडला." त्यांचे म्हणणे खोटे नाही. शाळा उघडल्या, घंटा वाजू लागल्या, पोषण आहाराची चूल पुन्हा पेटली. परंतु काळ मागे पडला तरी त्या काळातून आलेली मुले मागे पडलेली नाहीत. ती आपल्याबरोबर चालत आली आहेत आणि आज आपल्याच शाळांच्या वरच्या वर्गांत बसली आहेत. त्यांच्याविषयी बोलावयाचे म्हणून मी हा विषय घेतला.

थोडी उजळणी करू. मार्च २०२० च्या मध्यास कोविड-१९ च्या साथीमुळे राज्यातील शाळा बंद होऊ लागल्या. नववी ते बारावीचे वर्ग २३ नोव्हेंबर २०२० पासून आणि पाचवी ते आठवीचे २७ जानेवारी २०२१ पासून, जेथे स्थानिक परिस्थितीने परवानगी दिली तेथे, उघडले. दुसऱ्या लाटेत ते पुन्हा मिटले. ग्रामीण भागातील पहिली ते चौथीचे वर्ग मात्र १ डिसेंबर २०२१ पर्यंत उघडलेच नाहीत. याचा अर्थ असा की, जून २०२० मध्ये ज्या मुलाचे नाव पहिलीच्या पटावर चढले, ते मूल वर्गात प्रथम बसले ते दुसरीचे निम्मे वर्ष सरल्यावर. पहिलीचा वर्ग त्याने पाहिलाच नाही. बाराखडी, जोडाक्षरे, दशक-एकक ही सारी त्याची घरची कमाई, किंवा घरची तूट.

त्या काळात 'गृहशिक्षण' हा शब्द फार ऐकू येत असे. शहरातल्या वृत्तपत्रांत त्यावर लेख येत. घर म्हणजे एक खोली, तीत एक टेबल, टेबलाशी बसलेले मूल आणि शेजारी जरा सवड असलेले सुशिक्षित माणूस, असे चित्र त्या शब्दामागे असावे. मुंबई-पुण्याच्या चाळींतून आणि वस्त्यांतून एका खोलीत सहा माणसे राहतात. तेथेही हे चित्र लागू पडत नव्हते. आपल्या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात तर घर हीच गोष्ट सहा महिन्यांची. दसरा-दिवाळी झाली की माणसे कोयता घेऊन कोल्हापूर, सांगली, सातारा आणि कर्नाटकातील कारखान्यांकडे जातात आणि उन्हाळ्यात परततात. फडाजवळच्या कोपीला घर म्हणावयाचे तर म्हणावे.

साथ आली तेव्हा ही माणसे फडातच होती. देशभर टाळेबंदी लागली आणि कारखान्यांच्या परिसरात ती अडकून पडली. एप्रिल २०२० च्या मध्यास शासनाने त्यांना तपासणी करून गावी परतण्याची मुभा दिली, तेव्हा लाखाहून अधिक मजूर आपापल्या जिल्ह्यांकडे निघाले. आमच्या केंद्रातील काही शाळांच्या खोल्या त्यांच्या विलगीकरणासाठी घेण्यात आल्या. ज्या खोलीत एरवी मूल शिकते, त्या खोलीत त्याचे आईबाप चौदा दिवस राहिले आणि मूल खिडकीबाहेर उभे राहून त्यांच्याशी बोलत असे. मी हे डोळ्यांनी पाहिले आहे.

शिक्षकांचे काय चालले होते, तेही सांगितले पाहिजे, कारण त्या काळात 'मास्तरांना फुकटचा पगार' हे वाक्य पारावर पुष्कळ ऐकू आले. कोणी तपासणी नाक्यावर होते, कोणी स्वस्त धान्य दुकानाशी उभे राहून नोंदी घेत होते. सप्टेंबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम निघाली, तेव्हा अनेक जण हातात तापमापक आणि ऑक्सिमीटर घेऊन घरोघर फिरले. शाळेतील तांदूळ आणि डाळ मोजून पालकांच्या पिशवीत घालणे हेही त्यांच्याकडेच होते. आणि या सर्वांतून उरलेल्या वेळात शिकवायचे होते.

शिकवायचे कशाने, तर भ्रमणध्वनीने. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' ही अभ्यासमाला सुरू केली, 'दीक्षा' ॲपवरील पाठांचे दुवे रोज येऊ लागले आणि आम्ही ते व्हॉट्सॲपच्या गटांवर पुढे पाठवू लागलो. पाठांत दोष नव्हता. काही तर मला स्वतःला उपयोगी पडले. अडचण वेगळीच होती. २०२० च्या 'असर' पाहणीनुसार देशाच्या ग्रामीण भागात शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी सुमारे ६२ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. आकडा मोठा दिसतो, पण फोन घरी असणे आणि तो मुलाच्या हाती असणे यांत अंतर आहे. फोन वडिलांचा. वडील सकाळी जातात, फोन त्यांच्या खिशात जातो. रात्री आठला तो घरी येतो तेव्हा त्याची बॅटरी संपलेली आणि मूल पेंगुळलेले. घरात तीन भावंडे असली तर पहिला हक्क दहावीच्या मुलाचा, आणि पहिलीतल्या मुलीचा क्रम लागण्याआधीच डेटा संपलेला.

केंद्र शासनाने जुलै २०२० मध्ये 'प्रज्ञाता' या नावाने मार्गदर्शक सूचना काढल्या. पहिली ते आठवीच्या मुलांना दिवसाला तीस ते पंचेचाळीस मिनिटांच्या दोनच ऑनलाइन तासिका असाव्यात, अशी मर्यादा त्यांत होती. सूचना योग्यच होती. आमच्या वाडीवस्तीवर मात्र ती मर्यादा ओलांडण्याचा प्रसंग कोणावर आला नाही.

आता मी माझीच एक चूक सांगतो. दर आठवड्याला केंद्राचा अहवाल वर पाठवावा लागे. किती गट, किती विद्यार्थी जोडले, किती पाठ पाठविले. मी ते रकाने भरत असे. गटात ज्याचा क्रमांक आहे तो विद्यार्थी 'जोडलेला'. संदेशावर निळ्या खुणा उमटल्या की पाठ 'पोहोचला'. असे सहा-सात अहवाल गेल्यावर एका वस्तीशाळेवरील तरुण शिक्षिका मला म्हणाल्या, "सर, आपण पाठ पाठवल्याची नोंद ठेवतो आहोत. शिकल्याची नोंद कुठंय?" मला राग आला होता, हे मान्य करतो. त्यांनी तोवर स्वतःच्या वहीत एक वेगळी यादी केली होती. ज्यांच्या घरी फोन नाही, अशांची. वर्गाच्या निम्म्याहून अधिक नावे त्या यादीत होती, आणि त्यांपैकी कित्येक माझ्या अहवालात 'जोडलेली' होती, कारण शेजाऱ्याचा किंवा मामाचा क्रमांक त्यांच्या नावापुढे लिहिलेला होता.

त्या बाईंनीच प्रथम पायी फिरायला सुरुवात केली. मागाहून इतर शिक्षकही निघाले. एका दिवशी एक वस्ती. देवळाचा ओटा, लिंबाची सावली, गोठ्याची पडवी, जेथे पाच-सात मुले अंतर ठेवून बसू शकतील अशी जागा. तासभर बसायचे, आठवडाभराचे काम द्यायचे, पुढच्या आठवड्यात ते तपासायचे. याला कोणी कोणी निरनिराळी नावे दिली. नावाशी आपल्याला कर्तव्य नाही. महत्त्वाचे असे की, शिक्षक या निमित्ताने मुलाच्या घरी पोहोचला. वीस-वीस वर्षे एका गावात नोकरी करून ज्या वस्त्या आम्ही पाहिल्या नव्हत्या, त्या पाहिल्या. मूल गृहपाठ का करीत नाही, याचे उत्तर त्याच्या घराच्या उंबऱ्यावर उभे राहिल्यावर क्षणात मिळते. त्यासाठी प्रश्नावली लागत नाही.

अशाच एका फेरीत मला जे शिकायला मिळाले ते आपल्याला सविस्तर सांगतो, कारण माझ्या भाषणातील घेण्यासारखा भाग हाच आहे.

एका वस्तीवर दुसरीतला मुलगा मराठीचे पुस्तक घेऊन आला आणि त्याने एक पान घडाघडा वाचून दाखविले. मी शाबासकी दिली. त्याची आई ज्वारी पाखडीत होती. ती मान वर न करता म्हणाली, "गुर्जी, ते वाचत नाही. ते म्हणतंय." मी विचारले, "तुम्हांला वाचता येते का?" ती म्हणाली, "मला कुठलं येतंय? पण लेकरू वाचतंय का पाठ म्हणतंय, तेवढं कळतंय की." मग तिने सूप बाजूला ठेवले, हात पुसले आणि पानाच्या मधोमध एका शब्दावर बोट ठेवले. "हे काय हाय?" मुलगा गप्प. त्याने वरून पुन्हा सुरुवात केली आणि त्या शब्दापर्यंत म्हणत आला. आईने पुस्तक उलट बाजूने धरल्यासारखे केले आणि शेवटच्या ओळीकडून वर येऊ लागली. मुलगा अडला.

मी तिला विचारले की, मुलाने सांगितलेला शब्द बरोबर की चूक हे तुम्हांला कसे कळते? तिचे उत्तर ऐकून मी चकित झालो. ती म्हणाली, की एक शब्द त्याच्याकडून विचारून घ्यायचा आणि मग म्हणायचे, "हाच शब्द या पानावर अजून कुठं हाय, दाखव." त्याने दाखविला की दोन्ही शब्दांचे आकार ती स्वतः डोळ्यांनी जुळवून पाही. काना, वेलांटी, उकार तिला नावाने ठाऊक नव्हते. पण गोधडी शिवताना टाके सारखे आले की नाहीत हे पाहणाऱ्या डोळ्याला दोन शब्द सारखे आहेत की नाहीत हे दिसतेच. आकार जुळला तर खरे. न जुळला तर लेकरू फसवतेय. दुसऱ्या दिवशी तोच शब्द पुन्हा विचारायचा. कालचे आणि आजचे उत्तर एक आले पाहिजे.

बंधुभगिनींनो, मी अध्यापक विद्यालयात शिकलो, मूल्यमापनाची प्रशिक्षणे घेतली आणि दिलीही. वाचन आणि पाठांतर यांतला भेद ओळखण्याची इतकी साधी आणि इतकी चोख रीत मला कोणी शिकविली नव्हती. निरक्षर आईला 'मुलाचा अभ्यास घ्या' असे आपण सांगतो तेव्हा आपल्याला वाटते की हे तिला जमणारे नाही, आणि तिलाही तसेच वाटते. या बाईने ते जमविले होते. त्यानंतर आमच्या केंद्रातील प्रत्येक वस्तीवर आम्ही आयांना एवढेच सांगू लागलो : मधल्या शब्दावर बोट ठेवा, आणि तोच शब्द आणखी कुठे आहे ते विचारा. रोज दहा मिनिटे. 'शिकवा' हा शब्द आम्ही टाकून दिला. शिकविण्याचे ओझे काढून घेतल्यावर पुष्कळ आया पुढे आल्या. काही वडीलही आले, पण फार नाही. जे आले त्यांतल्या निम्म्यांचा हात मुलाच्या पाठीवर लवकर पडत असे, आणि त्यांना तसे न करण्याविषयी सांगण्यातच आमचा वेळ जाई.

गणिताचा एक प्रसंग सांगतो. सातवीतून आठवीत गेलेली एक मुलगी होती. तिचे आईवडील फडावरून परतले तेव्हा वडिलांनी काट्याच्या पावत्यांचा जुडगा बरोबर आणला होता. हंगामाच्या अखेरीस मुकादमाने सांगितलेला आकडा त्यांना पटत नव्हता. मुलीने वही आखली आणि प्रत्येक खेपेचे वजन उतरून घेऊ लागली. धाकटा भाऊ पावत्या वाचून दाखवी. पावतीवर वजन मेट्रिक टनात, दशांश चिन्हानंतर तीन अंकांपर्यंत असते. एका पावतीवर २.०८५ होते, भावाने सांगितले "दोन पॉइंट पंच्याऐंशी", आणि हिने लिहिले २.८५. नंतर पावती स्वतः पाहिल्यावर ती भावावर ओरडली, "अरे, सातशे पासष्ट किलो ऊस तू फुकट वाढवलास!" दोन टन पंच्याऐंशी किलो आणि दोन टन आठशे पन्नास किलो यांतला फरक तिने बापाला मांडून दाखविला. मी तेथे उभा होतो. दशांश अपूर्णांकातील शून्याचे स्थान आम्ही वर्गात फळ्यावर शिकवितो आणि निम्मी मुले ते विसरतात. या घरात ते कोणी विसरणार नव्हते, कारण त्या शून्यात मजुरी होती.

याच मुलीविषयी मला आणखी थोडे बोलायचे आहे, पण ते जरा पुढे.

राज्यात इतरत्रही लोकांनी पुष्कळ वाटा शोधल्या. दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर २० जुलै २०२० पासून 'टिलीमिली' ही पहिली ते आठवीच्या पाठ्यपुस्तकांवर आधारलेली मालिका सुरू झाली. घरातल्या वस्तू घेऊन करावयाच्या कृती तीत असत, ही तिची चांगली बाजू. आकाशवाणीच्या नागपूर केंद्रावरून 'शाळेबाहेरची शाळा' हा कार्यक्रम चालला. सोलापूरच्या नीलमनगर या कामगार वस्तीत शिक्षकांनी घरांच्या भिंतीच पाठांनी रंगवून काढल्या. पालघर जिल्ह्यातील आदिवासी पाड्यांवर ध्वनिक्षेपक लावून धडे ऐकविण्यात आले. या सर्वांची तपशीलवार माहिती आपल्याला अन्यत्र मिळेल, म्हणून मी तेथे थांबत नाही. माझ्या दृष्टीने त्यांत एक समान गोष्ट दिसते. जेथे यश आले तेथे यंत्राच्या शेजारी एक माणूस होता. भिंतीवरचा पाठ मुलाने वाचला की नाही हे विचारणारी शेजारीण, आकाशवाणीवरचा प्रश्न पुन्हा विचारणारी अंगणवाडीताई. ते माणूस नसले की भिंत ही भिंतच राहते.

आता त्या मुलीकडे वळतो. ऑक्टोबर २०२० मध्ये पुन्हा टोळ्या निघाल्या. एरवी हंगामात आईवडील गेले तरी मुले मागे राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहाची सोय असते. शाळाच बंद, तर वसतिगृह कशाचे? आमच्या भागात त्या वर्षी ते सुरू झाले नाही. म्हातारी आजी, कुलूपबंद शाळा आणि वयात येणारी मुलगी. तिला मागे कोणाच्या भरवशावर ठेवायचे, असा आईबापांचा प्रश्न होता आणि त्यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. ती त्यांच्याबरोबर गेली. पाचवी ते आठवीचे वर्ग जानेवारीत उघडले तेव्हा ती उसाच्या फडात होती. पुढे जुलै २०२१ मध्ये ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम सुरू झाला आणि शाळांकडून आलेल्या याद्या मी पाहू लागलो. तिच्या नावापुढे शेरा होता, 'स्थलांतरित'. मी तो वाचला आणि पुढच्या नावाकडे गेलो.

जुलै महिन्यात ऊसतोडीचे मजूर गावीच असतात. हे या तालुक्यातल्या लहान मुलालाही ठाऊक आहे, आणि मी तर अठरा वर्षे केंद्रप्रमुख होतो. जुलैत कोणी मूल 'स्थलांतरित' असेल तर ते ऊस तोडायला गेलेले नाही, दुसरीकडे कोठेतरी गेले आहे, एवढे मला सुचायला हवे होते. दिवाळीच्या सुमारास मला कळले की, मे महिन्यातच तिचे लग्न झाले. चौदा पुरी झाली होती. लग्नाला गावातली माणसे होती आणि ज्यांनी ते थांबवावयाचे त्यांच्यापर्यंत बातमी कोणी नेली नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार आपल्या बीड जिल्ह्यात २० ते २४ वयोगटातील ४३.७ टक्के स्त्रियांची लग्ने अठरा वर्षांपूर्वी झालेली होती. राज्याचे प्रमाण २१.९ टक्के होते. आणि महाराष्ट्रातील ही पाहणी २०१९ मध्ये, म्हणजे साथीच्या आधीच झालेली आहे. शाळेची घंटा ही या पट्ट्यात मुलीभोवतीचे एक कुंपण होते. ते काढल्यावर काय होईल हे आपल्याला ठाऊक असायला हवे होते. शिक्षकांना, पालकांना आणि पंचायतीलाही. गावपातळीवर बालविवाह प्रतिबंधक अधिकाऱ्याची जबाबदारी ग्रामसेवकांकडे असते आणि १०९८ या क्रमांकावर कोणीही कळवू शकतो. दोन्ही गोष्टी तेव्हाही खऱ्या होत्या.

आता आजच्या कामाकडे येतो. मागच्या महिन्यात एका शिक्षक मित्रांशी माझा वाद झाला. त्यांचे म्हणणे, की झालेली हानी भरून निघाली, पाहणीचे आकडे तसे सांगतात. आकडे मीही वाचले आहेत. 'असर'नुसार ग्रामीण भारतात दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकणारी तिसरीची मुले २०१८ मध्ये २७.३ टक्के होती. २०२२ मध्ये ती २०.५ टक्क्यांवर आली आणि २०२४ मध्ये पुन्हा २७.१ टक्के झाली. गाडी रुळावर आली, असे यावरून कोणालाही वाटेल. पण ही तिसरीतली मुले कोणती, हे पाहा. २०२४ मध्ये तिसरीत असलेली मुले २०२२ मध्ये, शाळा उघडल्यानंतर, पहिलीत आली. त्यांना पहिलीचा वर्ग मिळाला, आणि राज्यात त्या वर्षापासून 'पहिले पाऊल' या शाळापूर्व तयारी अभियानात मातांचे गटही उभे राहिले. त्यांची प्रगती झाली याचा आनंद आहे. परंतु २०२२ मध्ये जी मुले तिसरीत होती, जी जून २०२० मध्ये बंद दाराच्या शाळेत दाखल झाली, ती मुले या सुधारलेल्या आकड्यात नाहीतच. ती पुढे सरकली. तिसरीचा आकडा सुधारला तो नव्या मुलांमुळे. जुन्यांचे काय झाले हे तिसरीचा आकडा सांगू शकत नाही.

ती मुले आज उच्च प्राथमिक वर्गांत आहेत. निवृत्तीनंतर काही शाळांनी मला अधूनमधून बोलाविले, तेव्हा मी सहावीच्या एका वर्गात त्या आईची रीत करून पाहिली. विज्ञानाचे पुस्तक, ओळखीचा पाठ. पहिल्या ओळीपासून सगळे वाचतात. मधल्या शब्दावर बोट ठेवल्याबरोबर चार मुले अडली. चौघेही हजर राहणारे, शांत बसणारे, वही स्वच्छ ठेवणारे. वर्गशिक्षकांना त्यांचा संशयही आला नव्हता. त्यात शिक्षकांचा दोष मानू नये. सहावीच्या शिक्षकाने मुलाला वाचता येते असे धरूनच चालावयाचे असते. मूलही मोठे झालेले, त्याला लाज कळते. न येणे झाकण्याची युक्ती ते चार वर्षांत पक्की शिकलेले आहे. पहिलीतले मूल अडले की रडते, सहावीतले पाण्याच्या निमित्ताने वर्गाबाहेर जाते.

अशा मुलांसाठी नवा कार्यक्रम निघावा, अशी मागणी मी करणार नाही. कार्यक्रम पुष्कळ आहेत. शाळा बंद असताना आपण जे करीत होतो आणि शाळा उघडताच जे सोडून दिले, ते पुन्हा धरावे एवढेच सांगणे आहे. डिसेंबर २०२१ मध्ये वर्ग भरू लागले आणि वस्तीवरच्या फेऱ्या थांबल्या. आम्हांला वाटले, आता गरज काय? आया पुन्हा शाळेच्या फाटकाबाहेर उभ्या राहू लागल्या. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत, असे २००९ च्या कायद्याने ठरविले आहे. पण कित्येक बैठकांत या पालकांकडून सहीखेरीज काही मागितले जात नाही. पुढच्या बैठकीत सहीच्या आधी प्रत्येकाने आपल्या मुलाच्या पुस्तकातील एका मधल्या शब्दावर बोट ठेवून बघितले, तर बैठकीला निदान एक विषय मिळेल.

पंचायत सदस्यांना एक विनंती आहे. आपल्याला शिकवावयाचे नाही. पण कोणत्या टोळीत कोण चालले आहे, कोणाच्या घरी सोयरीक येऊन बसली आहे, हे शाळेच्या आधी आपल्याला कळते. मुकादम आपल्यापैकीच असतो. उचल घेताना त्याच्या वहीत कोयत्यांची नावे लिहिली जातात. त्या कोयत्यांबरोबर किती मुले जाणार, हे त्याच दिवशी शाळेला कळवावे. स्थलांतरित मुलासाठी शिक्षण हमी कार्डाची तरतूद आहे, ते दाखवून त्याला कारखान्याजवळच्या शाळेत बसता येते. पण कार्ड हाती पडण्याआधीच बैलगाडी गावाबाहेर गेलेली असते, ही दर वर्षीची गोष्ट आहे. एक दिवस आधी बातमी मिळाली तर कार्ड बरोबर जाईल.

मी एक वही बरोबर आणली आहे. भोजनाच्या सुट्टीत ती सर्वांनी पाहावी, म्हणून टेबलावर ठेवतो. तिचा नमुना फार साधा आहे. मुलाचे नाव, जून २०२० मध्ये ते कोणत्या इयत्तेत होते, मधला शब्द वाचता आला का, आणि संध्याकाळी घरी त्याच्याजवळ कोण असते. शेवटचा रकाना भरण्यासाठी घरी जावे लागते, तो शाळेत बसून भरू नये. आणि शेऱ्याच्या जागी 'स्थलांतरित' एवढाच शब्द कोणी लिहू नये. कोणत्या कारखान्यावर, कोणाच्या टोळीत, कोणत्या तारखेस गेले, आणि परत आलेले कोणी पाहिले, ते लिहावे.